तांबड्या रश्श्यावरचा आळ

कोल्हापुरात पोराच्या गालावर पुटकुळी उठली की घरातल्या मोठ्या माणसांचं निदान ठरलेलं असायचं: उष्णता झालीय. मग तांबडा रस्सा बंद, मिसळीचा कट बंद, सकाळ-संध्याकाळ सब्जाचं पाणी. १९८०च्या दशकात वयात आलेल्या आमच्या पिढीनं दहावी-बारावीची वर्षं या पथ्यात काढली. सहाणेवर जायफळ किंवा रक्तचंदन उगाळायचं, रात्री मुलतानी मातीचा लेप, फारच झालं तर तुरटी. टीव्हीवर विको टर्मरिकची जाहिरात लागायची. हळदीचं हे क्रीम प्रसाधन की औषध, यावर कंपनीचा अबकारी खात्याशी कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला. आमच्या घरात ते दोन्ही होतं.

गंमत अशी की उष्णतेच्या या निदानाला सुश्रुताचाही आधार नाही. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावरच्या या फोडांची नोंद क्षुद्ररोगांत आहे. त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि कारणं सांगितली आहेत कफ, वात आणि रक्त. उष्णता ज्याच्या नावावर घातली जाते त्या पित्ताचं नाव त्या यादीत नाही. वर्णन मात्र चोख आहे, कारण सावरीचा काटा बुडाशी जाड असतो आणि टोक तेवढं नजरेत भरतं.

मुरमाचंही बूड कातडीखाली असतं. अंगावरच्या बारीक लवेच्या मुळाशी तैलग्रंथी चिकटलेल्या असतात. चेहऱ्यावर त्यांची दाटी असते, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९००. बाळ जन्मतं तेव्हा आईच्या संप्रेरकांमुळे त्या काही काळ जाग्या असतात, मग वर्षानुवर्षं निजतात. आठ-नऊ वर्षांच्या सुमाराला, मिसरूड फुटायच्या कितीतरी आधी, अॅड्रिनल ग्रंथींचे अँड्रोजन त्यांना पुन्हा उठवतात. ग्रंथीतली पेशी तेलानं टम्म फुगते, फुटते आणि अख्खीच्या अख्खी तेलात मिसळून केसाच्या नळीतून वर येते. इथवर आजार काहीच नाही. नळीच्या अस्तरातल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन या तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरूम व्हायचा असेल तर त्या एकमेकींना चिकटून राहतात, वरून आणखी पेशी येत राहतात आणि नळीत बूच बसतं. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसण्याजोगा फोड व्हायला कितीदा आठ-आठ आठवडे जातात. गणपतीत बसलेलं बूच दिवाळीला आरशात दिसतं, आणि आपण मात्र कालच्या मिसळीला दोष देऊन मोकळे होतो.

बुचाचं तोंड उघडं राहिलं तर टोक काळं पडतं. तो मळ आहे असं समजून आम्ही खरखरीत कापडानं नाक सोलून काढायचो. तो काळेपणा त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवा लागलेल्या तेलाचा असतो. साबणानं जायचा नाही. तोंड बंद राहिलं तर आत हवा नाही आणि तेल मुबलक, म्हणजे एका जिवाणूची चैन. उन्ना या जर्मन डॉक्टरानं तो १८९६ साली पाहिला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या साबुरो यांनी प्रयोगशाळेत वाढवला. २०१६पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस म्हणतात. तो नितळ चेहऱ्यावरही राहतो. तेल फोडून तो मेदाम्लं करतो, शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, लाली आणि पू त्यांच्या झटापटीतून होतो. नळीची भिंत आतल्या आत फुटली तर सगळा ऐवज खोल त्वचेत सांडतो, गाठ येते आणि पुढे खड्डा राहतो. नखानं फोड पिळला की नेमकं हेच होतं, कारण दाब बाहेर जातो तसा आतही जातो.

बूच आधी, जिवाणू मग, सूज शेवटी, असा क्रम बरीच वर्षं शिकवला गेला. २००३ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी मुरमं येणाऱ्यांच्या, पण वरून ठीक दिसणाऱ्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले. तिथं बूच बसण्याच्या आधीच दाहाच्या खुणा होत्या. कोरड्या मुलतानी मातीला एवढ्या खोलवर पोचता येणार नव्हतं.

खाण्याचं काय? १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेटच्या वड्या देऊन पाहिलं आणि चॉकलेट निर्दोष ठरवलं. पुढे कुणीतरी विचारलं, तुलनेला दिलेल्या खोट्या वडीत काय होतं? तर जवळपास तेवढीच साखर आणि तेवढंच तूपतेल. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १,२०० माणसं तपासली, ती पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. मुरूम एकालाही नव्हता. कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ एवढंच त्यांचं जेवण. २००७ साली मेलबर्नमध्ये तरुणांना १२ आठवडे साखर-मैदा कमी असलेला आहार दिला, तेव्हा त्यांचे फोड कमी झाले. रक्तात साखर झपाट्यानं चढली की इन्सुलिन चढतं, त्यामागून आयजीएफ-१ हे संप्रेरक, आणि तैलग्रंथींना तो इशारा पुरतो. म्हणजे पथ्य अगदीच खोटं नव्हतं, आरोपी चुकला होता. कांदा-लसूण चटणीवर आळ आला, आणि उसाच्या या जिल्ह्यात दिवसातून चारदा होणाऱ्या गोडमिट्ट चहाकडे नि त्यात बुडणाऱ्या खारीकडे कुणी बोट दाखवलं नाही. मिसळीतली तर्री सुटली तरी सोबतचा पाव सुटत नाही, हेही लिहायला हवं.

दुधाचा विषय या गावात जपून काढावा लागतो. म्हशीची धार समोर काढून पेला हातात देणारे इथले कट्टे, आणि तालमीतल्या पोरांचा दूध-बदामाचा खुराक. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या २००५ सालच्या पाहणीत दूध, विशेषतः साय काढलेलं, जास्त पिणाऱ्यांनी शाळकरी वयात मुरमं जास्त आल्याचं सांगितलं. तो आठवणींवर बेतलेला संबंध आहे, पुरावा नव्हे. तालमीत दुधापेक्षा घासणं भोवतं. घाम, तेल-माती आणि कातडीवर सतत रगड यांतून पाठ-खांद्यांवर फोड येतात, १९७५ साली त्यांना वेगळं नावही मिळालं. डोक्याला चपचपीत तेल लावणाऱ्यांच्या कपाळावरची मुरमं त्याच्याही पाच वर्षं आधी नोंदली गेली होती. आता तालमीशेजारी जिम आली आहे. तिथं एखाद्याच्या पाठीवर महिन्याभरात मोठाल्या गाठी उठल्या, तर त्यानं टोचून घेतलेल्या स्टेरॉइडची चौकशी आधी करावी.

खरं नुकसान मात्र रश्श्यानं केलं नाही, मेडिकलमधल्या ट्यूबनं केलं. १९९०नंतरच्या पंचवीस वर्षांत चेहऱ्याला काहीतरी द्या म्हटलं की काउंटरवरून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम मिळायचं. चार दिवसांत लाली जायची, रंग उजळायचा, मैत्रिणींत ट्यूबचं नाव फिरायचं. मग कातडी पातळ व्हायची, लाल शिरा दिसायच्या, ओठांवर लव वाढायची आणि मुरमंच मुरमं. थांबवलं की दुपटीनं उसळायची, म्हणून पुन्हा ट्यूब. २०११ साली भारतातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोग विभागांची पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण अशी क्रीमं लावत होते आणि दुष्परिणामांत पहिला नंबर मुरमांचा होता. २०१८ साली अशी बरीच क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली.

औषधं एव्हाना आत पोचली होती. पेशी चिकटू न देणारं ट्रेटिनॉइन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आलं होतं. तैलग्रंथीच आक्रसवणारं आयसोट्रेटिनॉइन अमेरिकेत १९८२ साली मंजूर झालं. ओठ फुटतात हा त्याचा किरकोळ त्रास, पण गरोदरपणात गर्भाला ते घातक, म्हणून डॉक्टर बाईला आधी तेच विचारतात. जेल असो वा गोळी, फरक कळायला दोन-तीन महिने लागतात, कारण आत बसलेली बुचं आधी निघून जावी लागतात. ट्रेटिनॉइननं पहिले काही आठवडे मुरमं वाढल्यासारखीही वाटतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणारे नेमके तिथंच उठून जातात. दुसरा डॉक्टर नवी चिठ्ठी लिहितो, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.