संगणकाचा पडदा आणि बाहेरचीं साधनें

संगणकासमोर रोज कित्येक तास बसणारीं माणसें आतां घरोघरीं आहेत. सायंकाळ झाली कीं डोळे चुरचुरूं लागतात, अक्षरें बारीक भासूं लागतात, आणि कोणी तरी सल्ला देतो कीं, पडद्याचे रंग व अक्षरें बदलणारा एखादा निराळा प्रोग्राम बसवून घ्यावा. असा बाहेरचा प्रोग्राम सामान्य माणसाला खरोखरीच लागतो काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

एके काळीं तो लागत असे, हें मान्य केलें पाहिजे. इ. स. २००९ मध्यें मायकेल व लॉर्ना हर्फ ह्या दांपत्यानें 'एफ.लक्स' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. सूर्य मावळला कीं पडद्याचा निळसर प्रकाश कमी करून त्याला पिवळसर छटा देणें, हें त्याचें काम. त्या वेळीं विंडोज किंवा मॅक ह्यांत अशी सोय नव्हती. पुढें ॲपलनें २०१६ सालीं आयफोनमध्यें व २०१७ सालीं मॅकमध्यें 'नाइट शिफ्ट' आणली. मायक्रोसॉफ्टनेंही २०१७ सालींच विंडोज १० मध्यें 'नाइट लाइट' दिली. बाहेरून आणावी लागणारी वस्तु अशा रीतीनें घरांतच आली.

अक्षरांचेंही तसेंच. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्यें 'ॲक्सेसिबिलिटी' ह्या भागांत अक्षरांचा आकार १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवितां येतो. 'डिस्प्ले' ह्या भागांत 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के केल्यास चित्रें व बटणेंही मोठीं होतात. पुष्कळ जण त्याऐवजीं 'रिझोल्यूशन' उतरवितात. त्यानें अक्षरें मोठीं होतात खरीं, पण त्यांच्या कडा अंधुक होऊन वाचणाऱ्यास अधिकच त्रास होतो.

पिवळसर छटेपासून फार मोठी अपेक्षाही करूं नये. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ह्या नेत्रवैद्यांच्या संस्थेच्या मतें डोळे शिणण्याचा दोष निळ्या प्रकाशाकडे जात नाहीं. टक लावून पाहतांना पापण्या कमी मिटतात, हें त्याचें खरें कारण. दर २० मिनिटांनीं २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावें, असा तिचा उपाय आहे. त्याला कोणताच प्रोग्राम लागत नाहीं.

उलट, बाहेरचा प्रोग्राम संगणक चालू असेपर्यंत पाठीमागें जागा राहतो, आणि प्रणालींत बदल झाला कीं कधीं कधीं बिघडतो. अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेतला, तर त्याच्याबरोबर नको तो पाहुणाही आंत शिरूं शकतो. आणि त्याच संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार चालत असतात.

कांहीं जणांची गरज मात्र खरी असते. छपाईसाठीं रंग जुळविणाऱ्या छायाचित्रकाराला पडद्यावरील रंग मोजणारें उपकरण व त्याचा प्रोग्राम घ्यावाच लागतो. अतिशय मंददृष्टि माणसालाही खास साधनाचा आधार लागतो. इतरांनीं आधीं सेटिंग्ज उघडून पाहावींत, मॉनिटरच्या बटणांनीं उजेड खोलीच्या प्रकाशाशीं जुळवून घ्यावा, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तरच बाहेर शोध करावा. डोळ्यांचा त्रास तरीही राहिला, तर नेत्रवैद्याकडे जाणें हेंच इष्ट.