दारावरचा पहारेकरी कोणी नेमला?

गोंदिया जिल्ह्यात धान निघाले की आधारभूत खरेदी केंद्रांवर कट्ट्यांच्या थप्प्या लागतात. धान खरेदी करण्यापूर्वी त्यातले थोडे आर्द्रतामापकात घालून पाहतात. ओलावा १७ टक्क्यांहून अधिक निघाला तर धान परत. वाळवून पुन्हा आणा! माल आत जाण्याआधी, ठरलेल्या जागी, ठरलेली तपासणी. संगणकाच्या जगातही अशीच एक सोय आहे. तिला 'हुक' म्हणतात.

मोठा प्रोग्रॅम एकटा माणूस लिहीत नाही. शेकडो माणसे निरनिराळ्या गावी बसून तो लिहितात, आणि रोज त्यात बदल करतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची वही ठेवणारे साधन म्हणजे 'गिट'. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. गिटचा गाभा 'सी' या भाषेत लिहिलेला आहे.

हुक म्हणजे काय?

गिट प्रत्येक प्रकल्पासाठी एक खासगी फोल्डर ठेवते. त्यात 'हुक्स' नावाचा आणखी एक फोल्डर असतो. तेथे ठरावीक नावाचा छोटा प्रोग्रॅम ठेवला, की योग्य क्षणी गिट तो आपण होऊन चालवते. उदाहरणार्थ, 'प्री-कमिट' हा हुक वहीत नवी नोंद होण्याआधी चालतो. तपासणी करून तो एक आकडा परत देतो. तो आकडा शून्य असेल तर नोंद होते. शून्याखेरीज दुसरा कोणताही असेल तर नोंद थांबते.

शून्य म्हणजे यश? गंमत वाटली ना! पण विचार करा. काम व्यवस्थित झाले, हे सांगायला एकच आकडा पुरतो. बिघडण्याचे प्रकार मात्र अनेक, म्हणून त्यांच्यासाठी बाकीचे सारे आकडे मोकळे ठेवले.

या व्यवस्थेत एक अडचण होती. प्रत्येक क्षणासाठी एकाच नावाचा एकच प्रोग्रॅम ठेवता येई. समजा, एक तपासणी शुद्धलेखनाची हवी आणि दुसरी चुकून लिहिल्या गेलेल्या पासवर्डाची, तर काय करायचे? शिवाय दहा प्रकल्प असले तर दहा ठिकाणी तीच फाईल ठेवायची! २०१६ मध्ये गिटच्या २.९ या आवृत्तीत हुकांसाठी निराळा फोल्डर नेमून देण्याची सोय झाली. पुढे २०२० पासून आणखी मोठी कल्पना चर्चेत आली: हुकांची नावे सेटिंगच्या फाईलीतच लिहावीत. कोणत्या क्षणी कोणता प्रोग्रॅम चालवायचा, हे तेथे नोंदवावे आणि एका क्षणासाठी हवे तितके नोंदवावेत. ऐकायला सोपी असलेली ही कल्पना तपासणीच्या चाळणीतून जायला मात्र वर्षे लागली. का बरे?

परीक्षक काय पाहतो?

गिटमध्ये नवा बदल सुचवला की इतर जाणकार तो ओळीओळीने वाचतात. सी भाषेत लिहिलेले वाचताना काही प्रश्न हटकून विचारले जातात.

पहिला प्रश्न जागेचा. सी भाषा शब्दाची लांबी लिहून ठेवत नाही. शब्दाच्या शेवटी शून्याची एक खूण ठेवते. 'प्री-कमिट' हे नाव इंग्रजी लिपीत, मधली आडवी रेघ धरून, १० चिन्हांचे आहे. पण त्याला ११ बाइट जागा लागते. कोणी १०च घेतली, तर अकरावी खूण शेजारच्या जागेत जाऊन बसते आणि तेथली माहिती बिघडते.

दुसरा प्रश्न परतफेडीचा. संगणकाच्या स्मृतीतून घेतलेली जागा काम झाल्यावर परत केली का? आणि परत केल्यावर चुकून पुन्हा वापरली तर नाही?

तिसरा प्रश्न क्रमाचा. तीन हुकांपैकी दुसऱ्याने नकार दिला, तर तिसरा चालवायचा की नाही?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा पहारेकरी नेमला कोणी? हुक हा तुमच्या संगणकावर, तुमच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आहे. तुम्हांला जे जे करता येते ते सर्व त्यालाही करता येते. म्हणूनच दुसऱ्याच्या प्रकल्पाची प्रत उतरवून घेताना गिट त्याचे हुक सोबत आणत नाही. परक्याने नेमलेला पहारेकरी आपल्या घरात कशाला?

दोन धडे

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. एप्रिल २०२२ मध्ये एक दोष जाहीर झाला. गिट आपला खासगी फोल्डर शोधत एकेक पायरी वरच्या फोल्डरात जाते. शाळेतल्यासारखा अनेकांनी वापरायचा संगणक असेल, आणि वरच्या सामाईक जागेत दुसऱ्याने तसा फोल्डर करून ठेवला असेल, तर गिट त्याचीच सेटिंगे मानू लागे, आणि त्यांत लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या नावाने चाले! उपाय साधा होता: फोल्डराचा मालक कोण, ते आधी पाहा.

मे २०२४ मधला दोष अधिक चमत्कारिक होता. विंडोजसारख्या व्यवस्थेत फाईलच्या नावातले मोठे 'ए' आणि छोटे 'ए' एकच समजले जातात; गिट मात्र त्यांना वेगळे समजे. या फरकाचा फायदा घेऊन, खास रचलेला प्रकल्प प्रत उतरवतानाच आपला हुक खासगी फोल्डरात घुसवू शके, आणि तो लगेच चालेही.

२.४५.१ या आवृत्तीत हे भोक बुजवले. शिवाय जादा खबरदारी म्हणून, प्रत उतरत असताना नव्याने बसवलेला हुक चालवायचाच नाही, असा नियम घातला. पण 'गिट एलएफएस' हे मोठ्या फाईली सांभाळणारे सरळमार्गी साधनही नेमके त्याच वेळी आपला हुक बसवते. त्याचे काम अडले! थोड्याच दिवसांत २.४५.२ आवृत्ती काढून तो जादा नियम मागे घ्यावा लागला.

असे का झाले? सुरक्षेची दुरुस्ती जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवावी लागते, नाहीतर चोराला आधीच वाट कळेल. त्यामुळे ती तपासणारे डोळे थोडे असतात. ढिला पहारा चोराला आत घेतो आणि फाजील कडक पहारा कोरडे धानही परत पाठवतो. मधली वाट सापडते ती अनेकांच्या तपासणीतूनच.

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल, तर तो मित्राला वाचायला द्या. त्याला चारच प्रश्न विचारायला सांगा: जागा पुरते का? घेतलेले परत केले का? मध्येच नकार आला तर काय? आणि हे चालते ते कोणाच्या हुकमाने? चौथ्या प्रश्नाला चटकन उत्तर देता आले नाही, तर तो प्रोग्रॅम अजून कोणाला देऊ नका.