चाळिशीतल्या विद्यार्थ्याचा जमाखर्च

मुंबई-बंगळूर महामार्गालगत, रावेत, ताथवडे आणि वाकड यांच्या शेजारात वसलेले पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, तेव्हा त्याची ओळख शेतीचे गाव अशीच होती. आज तेथील बहुमजली इमारतींतून सकाळी बाहेर पडणारा गृहस्थ एक तर हिंजवडीची वाट धरतो किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यांची, आणि त्याच्या सदनिकेचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी व वृद्ध मातापित्यांचा औषधोपचार ही सारी ओझी बहुधा एकाच पगाराच्या खुंटीला टांगलेली असतात. वयाच्या चाळिशीत ही खुंटी हलू लागली म्हणजे नवा व्यवसाय शिकून घ्यावा असा विचार त्याच्या मनात येतो, आणि त्याच क्षणी अनेक समजुती त्याच्या वाटेत आडव्या येतात. शिकायचे वय उलटून गेले, बँक आता आपल्याला दारात उभे करणार नाही, भविष्य निर्वाह निधी आहेच, नोकरी गेली तर सरकारदरबारी कोणी विचारणारे नाही, या त्यांतल्या ठळक होत. यांतील काही सर्वस्वी खोट्या, काही अर्ध्या खऱ्या; आणि अर्ध्या खऱ्या समजुतींनीच अधिक घरे कर्जात लोटली जातात, असे मला वाटते.

वयाची समजूत प्रथम घेऊ. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, परंतु कमाल वयाची अट नाही. सबब मोरवाडी येथील महानगरपालिकेच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री होण्यासाठी अर्ज करणारा बेचाळीस वर्षांचा इसम नियमाने त्याच रांगेत उभा राहू शकतो, जिच्यात दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा उभा असतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले ते मुळी ज्यांचे शिक्षण संसारामुळे मागे राहिले त्यांच्यासाठी; आणि तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या राज्य प्रवेशपरीक्षेलाही कमाल वयाची मर्यादा नाही. मात्र प्रवेशाचे वय आणि नेमणुकीचे वय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये. राज्यशासनाच्या सेवेत सरळसेवेने रुजू होण्यासाठी खुल्या प्रवर्गास सर्वसाधारणपणे 38 आणि मागास प्रवर्गास 43 वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे सरकारी पदावर डोळा ठेवून पंचेचाळिसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याचे कष्ट त्या एका हेतूपुरते तरी वाया जातात. नव्या उमेदवारांना विद्यावेतन देणाऱ्या योजनांचेही तसेच आहे: 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा लाभ 18 ते 35 या वयोगटापुरताच आहे.

पोक्त वयात शिकणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नव्हे. अकाली वैधव्य आलेल्या पार्वतीबाई आठवले, ज्या बाया कर्वे यांच्या भगिनी आणि हिंगण्याच्या आश्रमाच्या निष्ठावंत कार्यकर्त्या होत्या, त्या 1918 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि तेथील निर्वाह त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम करून चालविला. त्यांना ना शिष्यवृत्ती होती, ना व्याजात सवलत. आजच्या प्रौढ विद्यार्थ्याचा मार्ग त्यांच्याइतका खडतर नाही. मात्र कोणते दार कोणत्या किल्लीने उघडते हे त्याला कोणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या सांगण्याचा गाभा अशा एका किल्लीविषयी आहे.

ती किल्ली म्हणजे नोकरी कोणत्या नावाने सुटली याची नोंद. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली, आणि तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधीची तजवीज आहे. कामगारकपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम या निधीत भरावयाची, आणि कपातीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत ती त्या कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची, असा हा नियम आहे. अर्ध्या महिन्याच्या पगारात कोणी नवा व्यवसाय शिकत नाही, हे मान्य. तथापि पुन्हा शिकण्याचा खर्च ही केवळ कामगाराची खाजगी अडचण नसून त्यात मालकाचाही वाटा आहे, हे तत्त्व कायद्याने प्रथमच लेखी स्वरूपात मान्य केले, याचे मोल रकमेपेक्षा मोठे आहे. शिवाय कपातीची नुकसानभरपाई, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, ही याहून वेगळी असते.

आता येथेच सर्वांत महागडा गैरसमज दडलेला आहे. ‘कपात’ हा शब्द कारकीर्दीला डाग लावील, पुढची नोकरी मिळणे अवघड जाईल, या भीतीने अनेक जण समोर ठेवलेल्या राजीनाम्याच्या कागदावर मुकाट्याने सही करतात. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची समाप्ती यांना कायदा कपात मानीत नाही, त्यामुळे सही होताच पुनर्कौशल्य निधीवरचा आणि कपातीच्या भरपाईवरचा हक्क सुटतो. सुटकेच्या बदल्यात देऊ केलेली एकरकमी रक्कम कधी या हक्काहून मोठी असते, कधी नसते. तेव्हा सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. आपण संगणक अभियंता आहोत म्हणजे ‘कामगार’ नव्हे, असे हिंजवडीतील पुष्कळांना वाटते. पण व्याख्येतून वगळले जातात ते मुख्यत्वे व्यवस्थापकीय वा प्रशासकीय पदावरील लोक आणि दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक. तांत्रिक काम करणारा मनुष्य कामगार आहे की नाही हे त्याच्या पदाच्या भारदस्त नावावरून नव्हे, तर तो प्रत्यक्षात करीत असलेल्या कामाच्या स्वरूपावरून ठरते, हा आपल्या न्यायालयांचा जुना दंडक आहे.

कर्मचारी राज्य विमा, अर्थात ‘ईएसआय’, म्हणजे केवळ दवाखाना, ही समजूतही या पट्ट्यात घरोघर आढळते. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ज्याचा हप्ता कापला जातो, त्या महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून चालू आहे. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने काम गेलेल्या आणि विमाहप्त्यांचा विहित कालावधी पूर्ण केलेल्या विमाधारकास या योजनेन्वये चोवीस महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो: पहिले वर्षभर सरासरी वेतनाच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी चतुर्थांश. याच योजनेत अल्पमुदतीच्या व्यवसाय प्रशिक्षणाचे शुल्क महामंडळाने भरण्याचीही सोय आहे. येथेही राजीनामा दिलेल्याला प्रवेश नाही. ज्याच्या घरी वर्षभर निम्मा पगार येत राहील तोच शांत चित्ताने यंत्रशाळेत उभा राहून नवे काम शिकू शकतो. फीपेक्षा बुडणारे वेतन हाच प्रौढ विद्यार्थ्याचा खरा खर्च असतो, आणि त्याची भरपाई करणारी अशी योजना फार विरळा.

भविष्य निर्वाह निधीकडे अनेक जण हक्काची तिजोरी म्हणून पाहतात. जुन्या योजनेच्या परिच्छेद 68के अन्वये सात वर्षांच्या सभासदत्वानंतर शिक्षणासाठी उचल मिळत असे ती मुलामुलींच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी. सभासदाच्या स्वतःच्या शिक्षणाचे नाव त्या परिच्छेदात नव्हते, हे वाचून आश्चर्य वाटते खरे. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने उचलीची तेरा निरनिराळी कलमे एकत्र करून कारण न सांगताही अंशतः रक्कम काढता यावी, मात्र 25 टक्के शिल्लक कायम राहावी, असा निर्णय घेतला. वाट रुंद झाली, परंतु तिचे भाडे जबर आहे. 2024-25 या वर्षासाठीचा 8.25 टक्के हाच दर पुढेही टिकला असे धरले, तर आज काढलेले दोन लाख रुपये पंधरा वर्षांनी साडेसहा लाखांच्या घरात गेले असते. आणि सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी खाते रिकामे केले तर त्यावर आयकरही लागू होतो.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाविषयी मात्र लोकांची निराशा निराधार आहे. भारतीय बँक संघाच्या ज्या आदर्श योजनेवर बहुतेक बँकांचे नियम बेतलेले आहेत, तिच्यात विद्यार्थ्याच्या वयाची कमाल अट नाही. अर्जदार विवाहित असल्यास पती, पत्नी वा सासूसासरे सहकर्जदार होऊ शकतात, आणि चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. याखेरीज लहान कौशल्य अभ्यासक्रमांसाठी 2015 पासून आदर्श कौशल्य कर्ज योजना आहे, जिची मर्यादा जुलै 2024 मध्ये दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेण्यात आली. वयाच्या कारणाने अर्ज नाकारला गेल्यास ते कारण लेखी मागावे. गृहकर्जाचा हप्ता आधीच डोईवर असताना बँक परतफेडीच्या ऐपतीविषयी प्रश्न विचारील, तो तिचा अधिकार आहे. वयाचा प्रश्न त्याहून वेगळा.

परंतु शिक्षण चालू असेतोवर व्याज लागत नाही ही समजूत ज्याने कोणी पसरविली त्याने फार मोठे नुकसान केले आहे. अभ्यासक्रमाची मुदत आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ते तहकूब असतात, व्याज नव्हे. चार लाखांच्या कर्जावर दसादशे दहा टक्के सरळ व्याज धरले तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची सवलत संपेतो एक लाख वीस हजार रुपये वाढलेले असतात, आणि पहिला हप्ता पाच लाख वीस हजारांच्या हिशेबाने बसतो. केंद्राची व्याज-अनुदान योजना आहे, पण ती साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक नामांकित संस्थांपुरती मर्यादित. ज्या घरात दुसरा पगार चालू आहे तेथे शिक्षणकाळातच दरमहा व्याज भरीत राहणे श्रेयस्कर, कारण अनेक बँका त्याबद्दल व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात.

कराच्या बाबतीत दोन कलमांची गल्लत होते. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80सी खाली शिकवणी शुल्काची वजावट आहे ती फक्त अपत्यांच्या. स्वतः भरलेली फी तीत बसत नाही. स्वतःच्या शिक्षणासाठी उपयोगी कलम 80ई, आणि तेही केवळ व्याजापुरते: व्याज भरण्यास आरंभ झाल्यापासून आठ वर्षे, जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास, रकमेची मर्यादा न घालता. मेहुण्याकडून किंवा मालकाकडून उसनवार घेतलेल्या पैशास ती सवलत नाही. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, याचीही नोंद ठेवावी.

मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम असते, हा प्रवादही आता सोडून द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले की मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाईल. अपवाद ठाऊक हवेत: अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, विधी यांची पदवी दूरस्थ पद्धतीने देण्यास परवानगीच नाही, तेव्हा तशी हमी देणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावे. केंद्राच्या ‘स्वयम’ या मंचावर शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क तेवढे वेगळे. फी भरण्यापूर्वी आपला निश्चय महिनाभर पारखून पाहण्यास याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

शेवटी त्या ‘विनाव्याज हप्त्यां’विषयी, ज्यांच्या पाट्या महामार्गाच्या दुतर्फा वाचावयास मिळतात. खाजगी प्रशिक्षणवर्गाची एक लाखाची फी म्हणजे अठरा टक्के वस्तू व सेवा करासह एक लाख अठरा हजार, तर कायद्याने मान्य पदवीच्या वा आयटीआयच्या शुल्कावर हा कर नाही. तुलना करताना हा फरक प्रथम धरावा. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते, ते प्रक्रिया-शुल्कात किंवा किमतीत दडविलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजाविले होते. वर्गात बसलेला विद्यार्थी आपण संस्थेला हप्ते देत आहोत असे समजतो. वस्तुतः संस्थेला सारी रक्कम पहिल्याच दिवशी मिळालेली असते आणि विद्यार्थी एका वित्तसंस्थेचा ऋणको झालेला असतो, त्यामुळे वर्ग मध्येच बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही. अशा कर्जापूर्वी मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे धनकोवर बंधनकारक आहे, त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. आणि डिजिटल मार्गाने घेतलेले कर्ज किमान एक दिवसाच्या विचारमुदतीत, मुद्दल व तेवढ्या काळापुरता खर्च परत करून, दंडाविना मोडता येते. ते विवरणपत्र भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घाईने सरकवून न देता छापून घरी न्यावे, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर ज्यांच्या पगारातून हप्ता जाणार आहे त्या साऱ्यांसमक्ष मोठ्याने वाचावे.