वासोट्याची एकदिवसीय चढाई

वासोट्याची चढाई हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात केले जाणारे एकदिवसीय गिरिभ्रमण आहे. वासोटा किंवा व्याघ्रगड हा सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेला वनदुर्ग असून तो कोयना वन्यजीव अभयारण्यात येतो. गडाच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठी शिवसागर जलाशय होडीने ओलांडावा लागतो. त्यानंतर घनदाट अरण्यातून चढून माथा गाठायचा आणि त्याच दिवशी दिवस मावळण्यापूर्वी पाण्यापलीकडे परतायचे, असा या चढाईचा क्रम असतो. गडावर किंवा अरण्यात मुक्काम करण्यास वनविभागाची मनाई आहे.

भौगोलिक स्थान

कोयना नदीवर हेळवाक-देशमुखवाडी परिसरात बांधलेल्या धरणामुळे शिवसागर जलाशय निर्माण झाला. हा जलाशय कोयनेच्या खोऱ्यात उत्तरेकडे तापोळ्यापर्यंत पसरला आहे. वासोटा त्याच्या पश्चिम काठावरील डोंगररांगेत आहे. गडाची पूर्व बाजू जलाशयाच्या दिशेने अरण्यातून उतरत जाते, तर पश्चिम बाजू थेट कोकणात कोसळते. या कड्याखाली रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा मुलूख आहे.

धरणापूर्वी कोयनेचे खोरे पायी ओलांडून गडाकडे जाता येत असे. पाणी साठल्यावर जुन्या वाटा, शेते आणि अनेक गावे बुडाली. गडाच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गावही पुढे उठले. आता तेथे वनविभागाची चौकी आहे. ‘मेट’ म्हणजे गडाच्या पायथ्याशी किंवा वाटेवर असलेली पहाऱ्याची जागा. गावाच्या नावातच गडाशी असलेले त्याचे जुने नाते टिकून राहिले आहे.

मार्ग

सातारा शहरापासून कास पठारमार्गे बामणोली हे गाव सुमारे ३५ कि.मी. अंतरावर आहे. चढाईची सुरुवात बहुधा येथूनच होते. बामणोलीत वनविभागाची परवानगी घेऊन ठरावीक शुल्क भरावे लागते व ओळखपत्र दाखवावे लागते. त्यानंतर यांत्रिक होडीने मेट इंदवलीपर्यंतचा प्रवास होतो. त्याला साधारण एक ते दीड तास लागतो.

जलाशयाची पातळी वर्षभर सारखी नसते. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन त्यावर वीज निर्माण केली जाते. त्यामुळे पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेला जलाशय उन्हाळ्यापर्यंत बराच खाली जातो. हिवाळ्यात होडी झाडीच्या जवळ लागते. उन्हाळ्यात मात्र ती दूर थांबते आणि उघड्या पडलेल्या गाळाच्या पट्ट्यातून चालत जावे लागते. तेवढा वेळ दिवसाच्या हिशेबात धरावा लागतो.

चौकीपासून वाट आरंभी सपाटीने जाते. एक ओढा ओलांडल्यावर चढ सुरू होतो आणि पुढे तो तीव्र होत जातो. वाटेचा बहुतेक भाग सदाहरित व निमसदाहरित वनातून जात असल्याने ऊन जाणवत नाही. मात्र वारा लागत नसल्यामुळे घाम पुष्कळ येतो. वरच्या टप्प्यात एक फाटा नागेश्वराकडे जातो. नागेश्वर हे गुहेतील शिवस्थान असून महाशिवरात्रीला तेथे कोकणातून व घाटावरून भाविक येतात. गडाकडील वाट कातळातील पायऱ्यांवरून भग्न दरवाजांत प्रवेश करते. सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोन ते अडीच तास लागतात.

एका दिवसाचे बंधन

हिमाच्छादित पर्वतांवरील एकदिवसीय चढाईत परतीची वेळ आधीच ठरवलेली असते. उन्हाने बर्फ मऊ पडले की हिमनदीवरील भेगांना झाकणारे बर्फाचे पूल खचू शकतात. म्हणून गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघतात, एकमेकांना दोराने बांधून घेतात आणि ऊन तापण्यापूर्वी हिमनदी पुन्हा ओलांडतात. शिखर जवळ आले असले तरी ठरलेली वेळ झाल्यावर मागे वळण्याचा निर्णय वाटाड्या देतो. आल्प्समधील शामोनी येथे १८२१ मध्ये स्थापन झालेल्या वाटाड्यांच्या संघटनेने या व्यवसायाला शिस्त लावली.

सह्याद्रीत हिमनदी नाही. परंतु वासोट्यावर जाताना एक प्रवाही अडथळा दोनदा ओलांडावा लागतो आणि त्याला वेळेची मर्यादा आहे, एवढे साम्य निश्चित आहे. येथे ही मर्यादा दोन कारणांनी पडते. पहिले कारण पाण्याचे आहे: अंधारात विस्तीर्ण जलाशयातून होडी नेणे धोक्याचे असते आणि दुपारनंतर वारा वाढला की लाटा उठतात. दुसरे कारण अरण्याचे आहे: सायंकाळनंतर वन्य प्राण्यांचा वावर वाढतो. त्यामुळे सकाळी लवकर होडीत न बसलेल्या गटाला गड पाहण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. नागेश्वर आणि वासोटा ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहण्याचा बेत अनेकदा याच कारणाने सोडून द्यावा लागतो.

गडावरील अवशेष

दरवाजातून आत गेल्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर लागते. तेथून वाटा फुटतात. एक वाट महादेवाच्या मंदिराकडे व पुढे माचीकडे जाते, तर दुसरी पाण्याच्या टाक्यांवरून बाबूकड्याकडे जाते. मोठ्या वाड्याचे जोते व इतर इमारतींचे अवशेष झाडीत विखुरलेले आहेत. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा बाबूकडा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देतो. समोरच्या डोंगरास जुना वासोटा म्हणतात. स्वच्छ हवेत पश्चिमेला रसाळगड, सुमारगड व महिपतगड दिसतात.

इतिहास

वासोट्याची उभारणी कोल्हापूरच्या शिलाहार राजवटीतील दुसऱ्या भोजाने केली, असे परंपरा सांगते. पुढे हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांकडे होता. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात असताना १६६० मध्ये वासोटा स्वराज्यात आला. १६६१ मध्ये राजापूर येथे पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना येथे कैदेत ठेवण्यात आले होते. दुर्गम स्थानामुळे कारागृह म्हणून या गडाचा उपयोग पुढेही होत राहिला.

पेशवाईच्या उत्तरकाळात औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलिणीने हा गड लढवला. पेशव्यांचे सेनानी बापू गोखले यांना तो घेण्यासाठी कित्येक महिने वेढा द्यावा लागला. १८१८ मध्ये हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी गडावर कैदेत होते. जनरल प्रिट्झलरच्या सैन्याने जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि एप्रिल १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. दुर्गमता हे ज्याचे बळ होते, त्या गडाचे मर्म शेजारच्या उंच डोंगरात होते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

वाटाडे व नावाडी

या चढाईचा भार बामणोली व काठावरील गावांतील नावाड्यांवर आणि वाटाड्यांवर असतो. कोयनेच्या खोऱ्यातील पुष्कळ कुटुंबांची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. काहींचे पुनर्वसन दूरच्या जिल्ह्यांत झाले, तर काही काठावरच राहिली. ज्या पाण्याने शेती नेली, त्याच पाण्यावर होडी चालवून आता अनेकांचा चरितार्थ चालतो. पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. पावसाळ्यात चढाई बंद असते. वाटाड्याचे काम केवळ वाट दाखवण्याचे नसते. गट एकत्र ठेवणे, गव्याची किंवा अस्वलाची चाहूल लागताच थांबवणे आणि वेळेवर परत फिरवणे ही त्याची जबाबदारी असते.

वनसंरक्षण

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे क्षेत्र सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांत असून एकूण विस्तार सुमारे १,१६५ चौ.कि.मी. आहे. चांदोलीचे प्रवेशद्वार सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात वारणा नदीवरील धरणाजवळ आहे. कोयना व चांदोली ही दोन्ही वने २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समाविष्ट झाली.

या वनांत गवा, अस्वल, बिबट्या, भेकर, शेकरू व महाधनेश आढळतात. उत्तरेकडील कोयना आणि दक्षिणेकडील चांदोली यांना जोडणारा अरण्यपट्टा अखंड राहिला, तरच वाघासारख्या विस्तृत क्षेत्र लागणाऱ्या प्राण्याला येथे स्थिर होता येईल. वासोट्यावरील निर्बंध याच उद्देशाने आहेत. दुर्गप्रेमींच्या दृष्टीने गड हा इतिहासाचा साक्षीदार आहे, तर वनविभागाच्या दृष्टीने तो वन्यजीवांच्या अधिवासाचा भाग आहे. दिवसा प्रवेश आणि रात्री बंदी ही व्यवस्था या दोन दृष्टींमधील तडजोड आहे.

पथ्ये

होडीत जीवरक्षक जाकीट घालणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात गडावरील टाक्यांवर अवलंबून न राहता पुरेसे पाणी सोबत न्यावे. आग्या मोहोळाजवळ धूर, उग्र सुगंधी द्रव्ये व गोंगाट टाळावा. बाबूकड्यावर वाऱ्याचा जोर असतो, त्यामुळे कड्याच्या टोकाशी जाऊ नये. अरण्यात आग पेटवण्यास व प्लास्टिक टाकण्यास बंदी आहे. पाय मुरगळण्यासारखी लहान दुखापतही येथे गंभीर ठरते. कारण जखमी व्यक्तीला आधी अरण्यातून उतरवून, मग जलाशय ओलांडून आणि त्यानंतर घाटरस्त्याने साताऱ्यास न्यावे लागते.