पलंगाचे लाकूड

नवे बिऱ्हाड थाटताना सामानाची यादी केली जाते, तेव्हा पलंग आणि कपाट यांची नावे तीत अगदी वर असतात. दुकानात मात्र गिऱ्हाईक पाहते ते पॉलिशची चकाकी आणि किंमत. लाकूड कोणत्या झाडाचे, ते झाड कोठे वाढले आणि त्याच्या जागी दुसरे लावले गेले की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वास्तविक सागवानी वा शिसवी पलंग घेणे म्हणजे कोठल्या तरी भूमीने अनेक वर्षे जपलेली ठेव घरी आणणे होय.

प्रथम सागाचा विचार करावा. भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस ही सागाची मूळ भूमी. त्याच्या गाभ्यात तैलयुक्त द्रव्ये असतात. त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, आणि पावसाळ्यातील दमट हवेतही ते फारसे फुगत वा वाकत नाही. हे गुण गाभ्याचे आहेत. गाभ्याभोवतीच्या फिकट थराचे, म्हणजे रसकाष्ठाचे नव्हेत. सरकारी वनांतील सागाला तोडणीयोग्य होण्यास पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात. उलट, परदेशांतील लागवडींतून आयात होणारा पुष्कळसा साग विसाव्या-पंचविसाव्या वर्षीच तोडलेला असतो. अशा कोवळ्या झाडात गाभा थोडा आणि रसकाष्ठ अधिक. यास्तव 'सागवान' एवढ्या नावावर समाधान न मानता, पॉलिश चढण्यापूर्वी फळीचा रंग निरखावा. फिकट पट्टे जितके रुंद, तितके ते लाकूड कमी टिकाऊ.

अरण्य हे मुद्दल आणि त्याची दरवर्षीची वाढ हे व्याज, असे मानले तर सारा प्रश्न सोपा होतो. व्याजावर संसार करणारा सुखी राहतो. मुद्दलाला हात घालणाऱ्याची पुढची पिढी उघड्यावर पडते. हे सत्य आपल्या देशात फार पूर्वी ध्यानी आले. जहाजबांधणीसाठी मलबारचा साग भराभर तुटू लागला, तेव्हा तेथील कलेक्टर कॉनोली यांनी 1840 नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. चातू मेनन यांच्या परिश्रमांनी ती उभी राहिली. तिचा एक भाग आजही जतन केलेला आहे.

शिसवाची कथा अधिक नाजूक आहे. आजोळच्या घरातील काळसर, जड शिसवी पलंग अनेकांना आठवत असेल. ते झाड सावकाश वाढते आणि रानातून ते विरळ होत चालले आहे. 2016 साली जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने शिसवाच्या साऱ्या कुळाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण घातले. 2017 पासून ते अमलात आले. उत्तर भारतात कालव्यांच्या व रस्त्यांच्या कडेला लावला जाणारा शिसू याच कुळातला. दुकानात 'शिसम' म्हणून मिळते ते लाकूड बहुधा याचेच. हे झाड शेताच्या बांधावरही वाढते. म्हणून रानच्या शिसवापेक्षा ते निवडणे श्रेयस्कर.

लाकडाचे मूळ कसे ओळखावे? सुताराकडून सामान करवून घ्यावयाचे असेल, तर वखारीतून पक्की पावती घ्यावी, आणि माल सरकारी लिलावातला की आयात केलेला, हे स्पष्ट विचारावे. तयार सामान घेताना प्रमाणपत्राची चौकशी करावी. 1993 साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिलची खूण अनेक देशांत मान्यता पावली आहे. भारत सरकारनेही डिसेंबर 2023 मध्ये वन व काष्ठ यांच्या प्रमाणनाची स्वतंत्र योजना सुरू केली.

सागाविना सुंदर शयनगृह होत नाही, असेही नाही. केरळातील रबराची झाडे चीक देऊन थकली की सुमारे पंचवीस-तीस वर्षांनी तोडावीच लागतात. त्यांचे फिकट लाकूड कीड लागू नये म्हणून औषध देऊन नीट वाळविले, तर पलंगास उत्तम. आणखी एक मार्ग म्हणजे जुन्या वाड्यांच्या तुळया व दारे. त्यांचा साग पुरता मुरलेला असतो, आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. स्वस्त म्हणून भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट घेणाराने मात्र ध्यानात ठेवावे, की त्यांतील डिंकातून फॉर्मॅल्डिहाइड नावाचा वायू हवेत मिसळू शकतो. आणि मनुष्य आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा याच खोलीत निजून काढतो.

शहरातील खोल्या लहान झाल्या आहेत. त्यांत चार वस्तू कोंबण्यापेक्षा एक भक्कम पलंग बरा. त्याचे सांधे उकलता यावेत, म्हणजे बदलीच्या गावी तो नेता येईल. मोडलेली पट्टी बदलता यावी, म्हणजे तो टाकावा लागणार नाही. झाड वाढण्यास जितकी वर्षे लागली, निदान तितकी वर्षे त्याचे लाकूड घरात नांदावे, हा साधा हिशेब. साठ वर्षांचा साग दहा वर्षांत अडगळीत गेला, तर तोटा घराचा आणि अरण्याचाही. तोच पलंग नातवंडांपर्यंत पोहोचला, तर तेवढ्या अवधीत रानात दुसरा साग उभा राहिलेला असेल.