बोटभर जीप आणि साच्यांचा प्रवास

खेळण्यातली मोटार आणि मोटारीची प्रतिकृती यांतला फरक बहुतेकांना किरकोळ वाटतो. खेळणे 'जीपसारखे' दिसले की मुलाचे भागते. प्रतिकृती मात्र एका ठरावीक जीपची असते आणि खऱ्या गाडीच्या प्रत्येक मापाला एकाच आकड्याने भागून ती घडवलेली असते. जगभरच्या संग्राहकांत रूढ असलेले दोन मुख्य आकडे म्हणजे ४३ आणि ६४. दोन्ही आले खेळण्यातल्या आगगाड्यांकडून. ब्रिटनमध्ये 'ओ' गेजच्या आगगाडीसाठी खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत, म्हणजे भागाकार साडेत्रेचाळीस. त्या स्टेशनांबाहेर उभ्या करायच्या मोटारी त्याच मापात बनल्या आणि पुढे आगगाड्या बाजूला पडल्या तरी ते माप टिकले. आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची उंच बॉनेटची जीप लांबीला साधारण ३.३ मीटर. ४३ने भागले तर पावणेआठ सेंटिमीटर, म्हणजे तर्जनीएवढी. ६४ने भागले तर जेमतेम सव्वापाच, काड्यापेटीत मावेल अशी.

काड्यापेटीचा उल्लेख उगाच केलेला नाही. लंडनच्या लेस्नी कंपनीत भागीदार असलेले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला, अशी या धंद्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा आहे. १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मालिका त्यातून निघाली. पण डब्यात मावणे हीच अट ठेवली की प्रमाण डळमळते. डबा सगळ्यांना सारखाच असल्याने लॉरी आणि जीप दोन्ही एकाच लांबीच्या होतात. मॅचबॉक्सची जीप शेजारच्या मॅचबॉक्स ट्रकच्या निम्म्याहून मोठी दिसते ती यामुळे. मला या लबाडीचा राग येत नाही, पण कपाटात मी त्यांना वेगवेगळ्या खणांत ठेवतो.

माझ्या संग्रहात फक्त खडकाळ रस्त्यांच्या गाड्या आहेत. सव्वादोनशेच्या आसपास. जीप, लँड रोव्हर, युनिमॉग, लँड क्रूझर, सुझुकीच्या छोट्या चारचाकी-चालनाच्या गाड्या. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला ही निवड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जांभ्याचे चढ, कातळावरच्या पायवाटा आणि एका पावसात वाहून जाणारे रस्ते असलेल्या या जिल्ह्यात कित्येक वाड्यांनी पाहिलेले पहिले चारचाकी वाहन जीप हेच होते. तीतून तहसीलदार येत, देवीच्या लशी टोचणारे येत, निवडणुकीच्या पेट्या येत. पुढे सरकारी लिलावांतून हीच जीपडी खासगी मालकांकडे गेली, मागे समोरासमोर बाकडी बसली आणि तिचे वडाप झाले. नऊ माणसांच्या गाडीत सोळा माणसे आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या हे दृश्य चाळिशीपुढच्या कोणत्याही कोकणी वाचकाच्या डोळ्यांसमोर असेल.

ही जीप मुळात अमेरिकेची. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, बँटम कंपनीने पहिला नमुना दिला आणि १९४१ पासून विलिस व फोर्ड यांनी युद्धभर लाखोंनी त्या बनवल्या. इकडे भारतात १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. तिच्या एका भागीदाराने, मलिक गुलाम मोहम्मद यांनी, फाळणीनंतर पाकिस्तानची वाट धरली आणि पुढे ते त्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडण्याचे काम याच काळात सुरू झाले. पुढे कंपनीने ज्या मॉडेलवर बस्तान बसवले ते म्हणजे सीजे-थ्री-बी. विलिसने ते १९५३ मध्ये आणले. त्यात नवे 'हरिकेन' इंजिन होते. या इंजिनाचा माथा जुन्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. जीपचा तो कपाळ वर चढल्यासारखा चेहरा ही निव्वळ तडजोड होती. अमेरिकेत ते कुणाला फारसे सुंदर वाटले नाही आणि १९६८ मध्ये विलिसच्या वारसांनी ते बंद केले. भारतात मात्र तोच चेहरा 'जीप' या शब्दाचा अर्थ होऊन बसला आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे बनत राहिला. जपानमध्ये मित्सुबिशीनेही परवाना घेऊन १९५३ पासून थेट १९९८ पर्यंत जीप बनवली.

संग्राहकाच्या दृष्टीने याचा परिणाम गमतीदार आहे. ओतीव धातूच्या जगात युद्धातली विलिस शेकड्यांनी मिळते, कारण तिला नॉर्मंडीचे वलय आहे. आपली उंच बॉनेटची मुलकी जीप शोधायला गेलात तर बहुधा जपानी 'टोमिका' मालिकेत, मित्सुबिशीच्या नावाने शोधावी लागते. माझ्याकडची तशी एक जीप पाहून शेजारचे निवृत्त एसटी चालक म्हणाले, "ही तर आमच्या बीडीओची!" त्यांना तिच्या पोटावरची जपानी अक्षरे दाखवली, तरी त्यांचे मत बदलले नाही. मला तेच बरोबर वाटते.

आता साच्यांकडे येतो, कारण या छंदातला अभ्यासाचा खरा भाग तिथे आहे. अशी मोटार ओततात ती जस्ताच्या मिश्रधातूपासून. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम व तांबे असते. या मिश्रणाचे 'झामाक' हे नाव चारही धातूंच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून आले असून अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ते १९२९ मध्ये रूढ केले. हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, पोलादी साच्यात दाबाने घुसवला की पातळ कडासुद्धा भरतो आणि क्षणांत घट्ट होतो. त्यामुळे एका साच्यातून अफाट संख्येने नग निघतात. महाग असतो तो साचा, धातू नव्हे. म्हणून बाजारात एखादी मोटार जुनी झाली तरी साचा कुणी मोडीत काढत नाही, विकतो.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची 'डिंकी टॉइज' ही या क्षेत्रातली थोरली पाती. युद्ध संपताच, १९४६ मध्ये, त्यांनी सैनिकी जीप काढली आणि १९५२ मध्ये मुलकी 'युनिव्हर्सल जीप'. साठच्या दशकात मेकॅनोने मागे पडलेल्या मॉडेलांचे काही साचे कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीला विकले. तिथून 'निकी टॉइज' या नावाने त्याच मोटारी पुन्हा निघू लागल्या. ही युनिव्हर्सल जीपही त्यांत होती. निकी ओळखायची खूण म्हणजे तळपत्र्यावर खोडलेले किंवा बदललेले इंग्लंडचे नाव, जाडसर रंग आणि झिजलेल्या साच्यामुळे सांध्यावर उमटलेली कड. युरोपातले संग्राहक फार दिवस याला निकृष्ट नक्कल म्हणत. नक्कल ती नव्हेच, साचा तोच आहे.

इथे मला एक साम्य दिसते आणि ते फारसे कुणी मांडलेले नाही. आयातीवर कडक बंधने असलेल्या त्या दशकांत खरी जीप, ॲम्बॅसॅडर, फियाट या सगळ्या परदेशात मावळलेल्या नमुन्यांवर इथे वर्षानुवर्षे चालल्या. नेमक्या त्याच काळात, त्याच कारणाने, खेळण्यातली जीपही परदेशात निवृत्त होऊन इथे कामाला लागली. मोठ्या जीपचा आणि बोटभर जीपचा आर्थिक इतिहास एकच आहे. म्हणून रंग उडालेली, एक चाक वाकडे झालेली निकी जीप माझ्या लेखी पेटीबंद इंग्रजी डिंकीपेक्षा मोलाची आहे. बाजाराचे मत याच्या नेमके उलट आहे आणि माझ्या खिशाच्या दृष्टीने ते तसेच राहिलेले बरे.

ही मोटार मला मुंबईच्या चोर बाजारात मिळाली. रत्नागिरीत, राम आळीतल्या दुकानांत, मुख्यतः नवा माल मिळतो आणि त्याचीही अडचण आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या रंगांतले शिसे रोखायला नियम हवाच होता, पण शंभर नगांच्या मालिकेसाठी परदेशी छोटा उत्पादक कशाला परवाना काढील? तो यायचा थांबतो.

खरी झुंज मात्र हवेशी आहे. १९३०च्या दशकातल्या पुष्कळ डिंकी मोटारी आज तडकून, फुगून भुगा होत आहेत. याला इंग्रजी संग्राहक 'जस्ताची कीड' म्हणतात, पण किडीचा यात संबंध नाही. ओतताना मिश्रणात शिसे किंवा कथिल अगदी किंचित जरी शिरले तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत क्षरण सुरू होते. कारखान्यात उरलेसुरले शिशाचे तुकडे त्याच कढईत पडले की पुरे. म्हणूनच या कामाला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागते. क्षरणाला वेग देतात उष्मा आणि दमट हवा, आणि या दोन्ही गोष्टी आमच्याकडे फुकट मिळतात. वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या, समुद्राकाठच्या गावात सदोष ओतकाम लपून राहत नाही. एकदा सुरू झालेल्या क्षरणावर उपाय नाही. युद्धानंतरच्या चांगल्या ओतकामात हा दोष क्वचित दिसतो, पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चीनमध्ये बनलेल्या काही स्वस्त मॉडेलांत तो पुन्हा आढळला आहे. विकत घेताना तळपत्रा किंचित कमानीसारखा वाटला किंवा रंगाखाली केसासारख्या रेघा दिसल्या, तर कितीही मोह झाला तरी घेऊ नये.

धातू चांगला असला तरी पोलादी आस गंजतो, रबरी टायर चिकट होऊन प्लॅस्टिकच्या बैठकीला खातो. इकडे घरोघरी एक सवय आहे, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची. कपड्यांना ठीक, पण त्या वाफेने पॉलिस्टायरीनच्या खिडक्या आणि बैठका मऊ पडून वितळल्यासारख्या होतात. कच्च्या लाकडाचे कपाटही नको, त्यातून सुटणारी आम्ल वाफ शिसे आणि जस्त दोन्हींना वाईट. मी काचेच्या झाकणाच्या धातूच्या पेट्या वापरतो, आत सिलिका जेलच्या पिशव्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून परत निळे करायचे. जून ते सप्टेंबर हे काम दर आठ-दहा दिवसांनी निघते. घरातले लोक याला माझे चातुर्मासाचे व्रत म्हणतात.

एका गाडीचे मॉडेल अजून कुणी ओतलेले माझ्या पाहण्यात नाही, ती म्हणजे वडाप. लांब चासीची, लोखंडी टपाची, मागे समोरासमोर बाकडी आणि पायरीवर वेल्डिंग केलेला जाड दांडा असलेली जीप. ती कुठल्याच कारखान्यातून तशी निघाली नाही. लांजे, राजापूर, चिपळूणच्या गॅरेजांत लोहाराने आणि सुताराने तिला तसे केले, त्यामुळे तिचा आराखडाही कुठे नाही. आता अशा गाड्या भंगारात जात आहेत. गेल्या मे महिन्यात लांज्याच्या एका गॅरेजमागे करवंदीच्या जाळीत उभी असलेली एक सापडली. मालकाची परवानगी काढून दोन दिवस मापे घेतली. बाकड्याची उंची, टपाची गोलाई, दांड्याचा व्यास, पाठीमागच्या शिडीच्या पायऱ्या पाच. सगळे ४३ने भागून आलेखकागदावर उतरवले आहे. पुण्यातला एक तरुण त्यावरून संगणकावर आकार उभा करतो आहे. छापील रेझिनचा सांगाडा आधी येईल. ओतीव धातूसाठी लागणारा साचा आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. मागच्या बाकड्यांची फक्त एक शंका उरली आहे. त्यांवर रेक्झिन होते की नुसत्या फळ्या, यावर लांज्यातल्या दोन जुन्या चालकांचे अजून एकमत झालेले नाही.