दाखल्यातला एक रकाना

बारावीचा निकाल लागला की जालन्यात झेरॉक्सच्या दुकानांवर आपलीच माणसे दिसू लागतात. रोलिंग मिलची पाळी बुडवून आलेला बाप, हातात कागदांची पिशवी, शेजारी चांगल्या गुणांनी पास झालेली पण तोंड उतरलेली लेक. मी पेशाने कारकून. रविवारी विहारात बसून मुलांचे अर्ज भरून देतो. पालकहो, माझ्यापुढे येणाऱ्यांत गुणांवाचून अडलेली मुले थोडी, कागदावाचून अडलेलीच फार.

मागच्या खेपेला अंबड तालुक्यातली एक मुलगी आली. तिला इंजिनिअरिंगला जायचे होते. शाळेच्या दाखल्यात धर्म 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यातही 'बौद्ध'च. वडिलांनी अभिमानाने तसे लिहून दिले होते. 1956 साली नागपुरात जे टाकून दिले, ते लेकीच्या नावापुढे पुन्हा कशाला लिहायचे? त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याला आजही मनाचे समाधान करील असे उत्तर नाही. पण कायद्याचा हिशेब निराळा आहे. केंद्राने 1990 साली धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, त्या पूर्वाश्रमीच्या जातीवरून. ती जात कुठल्याच कागदावर नसेल, तर पडताळणी समितीने काय पाहायचे? आणि जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत नसले, तर इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात आपला मुलगा खुल्या प्रवर्गात धरला जातो.

मुलीच्या कॉलेजात एक बाई समुपदेशनाचे काम पाहतात. त्यांनी मुलीला रडू दिले, मग पाणी दिले आणि कोरा कागद काढून वंशावळ लिहायला बसवले. बाप, आजोबा, पणजोबा, चुलते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखेपूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. त्याच साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज उघडले. पण आमच्या मुलीचे आजोबा त्या वेळी दुसऱ्याची गुरे राखत होते, शाळेची पायरीच चढले नव्हते. बाईंनी विचारले, "आजोबांच्या भावकीत कोणी शिकले होते का?" एक चुलतभाऊ दोन इयत्ता शिकला होता. गावच्या शाळेत जुने प्रवेश रजिस्टर सापडले. निजामाच्या राजवटीतले, नोंद उर्दूत. ती वाचून घ्यायला, भाषांतर करून घ्यायला आणि शपथपत्र करायला तीन आठवडे गेले. वैधता मिळाली, तोवर हव्या त्या कॉलेजातली जागा गेली होती. दुसरीकडे मिळाली, घरापासून लांब.

हे सारे अकरावीतच सुरू केले असते तर? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्रासह पडताळणीचा अर्ज करता येतो. वडील, चुलता किंवा सख्खा भाऊ यांपैकी कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. तो कागद आधी शोधा. आईच्या माहेरचे कागद इथे सहसा चालत नाहीत, जात बहुधा बापाकडूनच पाहतात. आणखी एक. शिष्यवृत्तीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, मर्यादा वर्षाला अडीच लाखांची. मुलाचे बँक खाते आधारला जोडलेले नसले की पैसे अडकून बसतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कागद पेटीत कुलूपबंद करून जाऊ नयेत, लेकराजवळ किंवा म्हातारीजवळ ठेवावेत.

शाळेच्या रजिस्टरातली नोंद मात्र शाळा सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. दहावीचा दाखला हाती पडला की ती वाट फार अवघड होते.

त्या मुलीचा धाकटा भाऊ नववीत आहे. बापाने धर्माच्या रकान्याला हात लावू दिला नाही. जातीच्या रकान्यासाठी मात्र दोन दिवस विचार करून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला, सोबत लेकीच्या वैधतेची प्रत जोडली. परवानगी अजून यायची आहे.